दहाव्याची शपथ

"देवकाला बाळासो बसंल... आन त्याची मंडळी."

लालासाहेबांचे हे शब्द कानावर पडले तेव्हा क्रांती स्वयंपाकघराच्या दाराआड पोह्यांची ताटली घेऊन उभी होती, आणि बाहेर जायला उचललेलं पाऊल तिनं मागं घेतलं! बाहेरच्या खोलीत थोरले दीर लालासाहेब, म्हणजे घरादाराचे तात्या, रहिमतपूरजवळच्या गावाहून मुलाच्या, शिवतेजच्या लग्नाच्या अक्षता घेऊन साताऱ्याला आले होते. निमंत्रण द्यायला आले होते खरे, पण आल्यापासून त्यांनी 'क्रांती कुठं आहे' एवढंसुद्धा विचारलं नव्हतं.

देवक म्हणजे काही साधी गोष्ट नव्हे. हळद लागण्याआधी मारुतीच्या देवळातून कुळाचं देवक वाजतगाजत घरी आणायचं, आणि ते नवरदेवाच्या आईबापांनी उपरण्याला गाठ मारून जोडीनं आणायचं. शिवतेजची आई मनुबाई देवाघरी गेलेली. अशा वेळी मान चुलता-चुलतीचा! सख्खा चुलता समोर बसलेला, चुलती दाराआड उभी... आणि मान चालला होता बाळासोकडे, जो भावकीतला असला तरी तीन पिढ्यांपलीकडचा होता.

क्रांतीनं दाराच्या फटीतून पाहिलं. आता तरी हे बोलतील... आता तरी!

सोफ्यावर बसलेल्या तिच्या नवऱ्याला अवघा महाराष्ट्र ओळखत होता. तालमीत मोडलेले कान, रापलेला रुंद चेहरा, खर्जातला आवाज आणि ओठांवर दाट, पीळदार मिशी. जयराज नुसता पडद्यावर आला की मालिकेतल्या सुना पदर सावरत आणि घराघरांतल्या आज्या टीव्हीकडं बघून बोटं मोडत. त्या जयराजनं चहाच्या कपात बघत म्हटलं,

"तात्या... तुमी म्हणाल तसं."

क्रांतीनं ताटली ओट्यावर ठेवली. उठावं, बसावं, काहीतरी धुवावं, काहीतरी पुसावं... तिचे हात स्वस्थ राहीनात. धुतलेलीच पातेली तिनं पुन्हा धुवायला घेतली.

तात्यांनी असं का करावं? ते काही दुष्ट नव्हते. उलट एके काळी याच तात्यांनी क्रांतीला धाकट्या बहिणीसारखं वागवलं होतं. शिराळ्याहून नवी नवरी होऊन आली तेव्हा "आमची क्रांती लय गुणाची" म्हणून भावकीत मिरवायचे. शिवतेज शाळेच्या वयाचा झाला तसं त्यांनी त्याला साताऱ्यात तिच्याच पदरात आणून टाकलं. त्याच्या गोवराच्या पुरळाला कडुनिंबाचा पाला लावत ती रात्र-रात्र जागली होती. पोटची प्रियदर्शनी आणि जावेचा शिवतेज, दोघांना तिनं एका ताटात भरवलं. आणि जयराज? तो तेव्हा सिनेमात मार खायचा! तालमीतून जत्रेच्या नाटकात, नाटकातून मुंबईला गेलेला हा गडी वर्षानुवर्षं नायकाच्या लाथा खाऊन घरी यायचा, आणि क्रांती त्याची पाठ शेकत म्हणायची, "यील, एक दिवस तुमचाबी यील."

तो दिवस आला. एका मालिकेत जुलमी पाटलाची भूमिका मिळाली आणि त्या पाटलाची ओळख होती त्याची मिशी! डोक्यावरचा फेटा, मिशी, कपाळावरचा वण... सगळं रोज तसंच्या तसं दिसायला हवं म्हणून सेटवर दररोज त्याच्या चेहऱ्याचे फोटो काढत. भाग नुकते सुरू झाले होते, लोक नाव घ्यायला लागले होते.

आणि तेवढ्यात सासरे गेले.

बापाच्या दहाव्याला पोरांनी नदीकाठी डोई आणि मिशी द्यायची, ही त्या गावची रीत. मिशी न देणारा पोरगा म्हणजे बापाला पाण्यात ढकलणारा! दहाव्याच्या आदल्या रात्री जयराज माडीवर गुडघ्यांत डोकं घालून बसला होता.

"काढली तर त्ये दुसरा माणूस घेत्याल, क्रांती. आमच्यासारक्याला कोन थांबतंय?"

"मग घिऊ द्या! बाप येकदाच मरतो. मिशी परत यील."

"आन काम परत न्हाई आलं तर?"

"न्हाई तर न्हाई. आजवर उपाशी मेलो का आपन?"

तो मान डोलवून झोपला. सकाळी नदीवर तात्या पहिले बसले. त्यांची भरघोस मिशी बघता बघता उतरली. मग न्हाव्यानं जयराजपुढं वस्तरा धरला... आणि जयराजचा हात आपोआप ओठावर गेला. तो ना हो म्हणेना, ना नाही म्हणेना. भावकी कुजबुजू लागली. कुणीतरी म्हणालं, "नाटक्या शेवटी नाटक्याच!" तात्यांचे डोळे लाल झाले. भर दहाव्याला, बापाच्या पिंडासमोर, सख्ख्या भावांत कायमचं तुटणार हे क्रांतीला बायकांच्या घोळक्यातून स्वच्छ दिसलं. आपल्या नवऱ्याला हा गाव पुन्हा कधी उंबऱ्यात घेणार नाही... त्याचं काळीज त्या पायरीवरच फुटून जाईल!

आणि मग तिच्या तोंडून ते निघालं. कुठून आलं देव जाणे! ती पुढं झाली, पदर डोक्यावर ओढून म्हणाली,

"त्यांचा दोष न्हाई, तात्या. म्या शपथ घातलीया त्यास्नी. मिशीला वस्तरा लागला तर पोटच्या पोरीचं मढं बघाल, आसं म्हणलीया मी!"

जयराजनं चमकून तिच्याकडं पाहिलं. एक शब्द... फक्त एक शब्द बोलायचा होता त्याला! पण बुडत्याला ओंडका सापडावा तसा तो त्या खोट्याला मिठी मारून बसला.

त्यानंतर एक तप उलटून गेलं. माणूस टीव्हीवर दिसायला लागला की गावाची स्मरणशक्ती अधू होते, हा तर जगाचा नियमच आहे. "बिचारा जया, बायकूच्या ताटाखालचं मांजर! करनार काय?" असं म्हणून गावानं त्याला माफ केलं, वर जत्रेत बोलावून फेटाही बांधला. माफी मिळाली नाही ती तिला. जिनं लेकराच्या मढ्याची शपथ घातली, त्या बाईचं तोंड कोण बघणार? शिवतेजला तात्यांनी शाळेच्या मधल्या वर्षातच परत नेलं. मनुबाई गेली तेव्हासुद्धा क्रांती परक्या बायकांसारखी अंगणात उभी राहून, कुणाशी न बोलता परत आली होती. शिराळ्यात तिच्या आईला लोक विचारायचे, "लेकीला हेच वळान लावलं का वं?"

पण या सगळ्याहून मोठा घाव दुसराच होता. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत चुलतभावंडांकडून ऐकून आलेल्या प्रियदर्शनीनं दारातच विचारलं होतं, "आई, तू खरंच असं म्हणाली होतीस? माझं मढं?"

खरं सांगावं, तर लेकीच्या डोळ्यांतला बाप कोसळणार...

"व्हय," ती म्हणाली.

त्या दिवसापासून पोरीनं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं नाही. आता सांगलीला कॉलेजात शिकत होती. सुट्टी लागली की आधी गावाला, तात्यांकडं. फोन आला तर बापाला! जयराज दर दिवाळीला म्हणायचा, "या साली सांगतो तात्याला, क्रांती." आणि दर दिवाळी फराळाच्या डब्यांबरोबर निघून जायची.

तात्या निघून गेल्यावर जयराज आत आला, ओट्याला टेकला.

"तू येऊ नगंस लग्नाला. उगंच चारचौघांत अपमान करत्याल. मी जाऊन येतो."

क्रांतीनं पातेलं आदळलं. "माझ्या शिवतेजचं लगीन हाय. मांडवाच्या कडंला उभी राहीन, पर जाईन!"

हळदीच्या सकाळी गाडी गावाच्या रस्त्याला लागली तरी तिचं मन थाऱ्यावर नव्हतं. निघताना तिनं एक लुगडं काढून दुसरं नेसलं, दुसरं काढून पुन्हा पहिलंच नेसलं. उसाच्या ट्रॉल्या आडव्या आल्या, गाडी थांबली, तशी ती दार उघडून उतरायला निघाली. "कुठं निघालीस?" जयराजनं विचारलं. तिला सांगता येईना. ती परत बसली.

मांडवात पाहुण्यांनी जयराजला गराडा घातला. पोरं त्याच्यासारखी नजर रोखून फोटो काढू लागली. क्रांतीला कुणी 'या' म्हटलं नाही, 'जा' म्हटलं नाही. ती खांबाला धरून उभी राहिली. समोरच्या खोलीत प्रियदर्शनी करवली म्हणून नटून फिरत होती. तिनं आईकडं पाहिलं आणि नजर दुसरीकडं वळवली.

वाजंत्री लागली. मधल्या घरात पाट मांडले गेले. बाळासो नवं धोतर सावरत आणि त्याची बायको नथ सारखी करत पुढं सरकली. तेवढ्यात न्हाव्यापुढं दाढीला बसलेला शिवतेज अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून उठला!

"तात्या, देवकाला काका-काकी बसनार हायती न्हवं?"

"बाळासो बसतोय. तू खाली बस."

"मग मी हळद लावून घेत न्हाई."

"शिवतेज!"

"आय आजारी असायची, तवा मला कुनी वाढवलं? काकीनं! ती मांडवाच्या खांबाला चोरावानी उभी ऱ्हानार आन मी हळद लावनार? जमायचं न्हाई."

सगळा मांडव गोळा झाला. तात्यांचा पारा चढला. इतकी वर्षं आत कोंडलेलं सगळं एकदम उसळून वर आलं.

"आरं, काकी-काकी काय करतुयास? जिनं माझ्या बापाच्या दहाव्याला त्येच्या पोराला मिशी दिऊ दिली न्हाई, सोताच्या लेकीच्या मढ्याची आन घातली, ती माझ्या कुळाचं देवक आननार? माझा बाप अजून पाण्यात तसाच उभा हाय रं!"

प्रियदर्शनीच्या हातातलं करवलीचं तबक खणकन खाली पडलं. ती तोंडाला ओढणी लावून मागच्या दारानं धावत गेली. क्रांती लेकीच्या पाठमोऱ्या आकृतीकडं बघत राहिली. मग तिनं डोळे पुसले, खांब सोडला आणि अगदी शांतपणे म्हणाली,

"शिवतेज, बाळा, हट्ट करू नगं. तात्या म्हणत्यात त्ये बराबर हाय. बाळासोच बसू द्या. मी... मी जाते."

ती वळलीसुद्धा. आणि तेव्हा गर्दीत कुणीतरी गुरासारखं हंबरलं. तो जयराज होता! पाहुण्यांना बाजूला सारत तो न्हाव्यापाशी गेला, त्याच्या हातचा वस्तरा हिसकावला आणि खर्जातल्या आवाजात गरजला,

"तात्या! ही मिशी पायजे न्हवं? घ्या! आत्ता उतरवतो, भर मांडवात!"

बायका किंचाळल्या. लग्नघरात मिशी काढायची म्हणजे केवढा अपशकुन! तात्या पुढं धावले. पण त्यांच्या आधी क्रांती पोचली. तिनं नवऱ्याचं मनगट धरलं. कुस्तीगिराचं ते मनगट, पण तिच्या मुठीत ते जागच्या जागी थांबलं.

"ठेवा त्यो वस्तरा," ती म्हणाली. "हितं कॅमेरा न्हाई."

जयराजचा चेहरा उतरला.

"मिशी नगं कुनाला आता. नुसतं बोला. लिवून दिलेलं न्हाई, तुमचं तुमचं बोला."

आणि ज्याच्या संवादांवर लोक टाळ्या वाजवायचे, त्या माणसाला चार शब्द जुळवता येईनात! तो खाली बसला, थेट जमिनीवर.

"तात्या... तिनं शपथ न्हाई घातली. आदल्या रातीला तीच म्हनत हुती, काढा मिशी, बाप येकदाच मरतो. मला भ्या वाटलं. काम जाईल म्हनून... तुमी सगळी बघत हुता, मला हो म्हनता यीना, न्हाईबी म्हनता यीना. तवा ती मधी पडली. खोटं बोलली. माझ्यासाटी. आन मी ते खोटं पांघरून बसलो."

जयराजनं मान आणखी खाली घातली.

"आजून येक हाय... ते हिलाबी ठावं न्हाई. दुसऱ्याच म्हैन्यात मेकअपवाला बोलता बोलता म्हनला, 'आवं दादा, वडील गेले तवा सांगायचं की! खोटी मिशी लावली आसती, सगळीच लावत्यात.' येक शब्द इचारला आसता तर भागलं आसतं. मी इचारलंच न्हवतं. साऱ्या म्हाराष्ट्राला भ्या दावनारा मी... मालिकेच्या साहेबाला इचारायला भ्यालो!"

क्रांतीनं त्याचं मनगट सोडून दिलं.

खोटी मिशी! डिंकानं चिकटवायची चार केसांची पट्टी... तेवढ्यासाठी तिचं गाव गेलं, शिवतेज गेला, पोटची पोर दुरावली. आणि हे त्या माणसाला ठाऊक होतं. तिच्या शेजारी जेवताना, निजताना, दर दिवाळीला अभ्यंगाचं तेल लावून घेताना ठाऊक होतं! ती मागच्या दारानं परड्यात गेली आणि गोठ्याच्या ओट्यावर बसली. रडूही येईना.

कुणीतरी शेजारी येऊन बसलं. प्रियदर्शनी होती. दाराआडून तिनं सगळं ऐकलं होतं. काजळ गालांवर पसरलेलं.

"मी विचारलं तेव्हा 'व्हय' का म्हणालीस, आई? मला तरी खरं सांगायचंस..."

"तू तवा पप्पांचं फोटो वहीत चिकटवत हुतीस, बाळा. कसं सांगू?"

"आणि मी तुझ्याशी इतकी वर्षं..." पुढचे शब्द हुंदक्यात बुडाले. क्रांतीनं तिला जवळ ओढलं, आणि मग मात्र मायलेकी अशा रडल्या की गोठ्यातली म्हैससुद्धा रवंथ थांबवून बघू लागली.

तात्या आले ते फेटा काढून हातात घेऊन आले. थोरला दीर आलेला बघून क्रांती गडबडीनं उठली, पदर सावरू लागली.

"बस, पोरी. म्या थोरला, मला तुझ्या पायाला हात लावता येत न्हाई. पर येक सांगाय आलोय." त्यांनी फेटा ओट्यावर ठेवला. "मनू जाताना तुझं नाव घेत हुती. 'क्रांतीला बलवा, मला तिच्यापाशी शिवतेजचं सांगायचंय' म्हनली. दोनदा म्हनली. म्या... बलावलं न्हाई. रागानं आंधळा झालो हुतो. जयाचं पाप त्येनं चारचौघांत सांगितलं, माझं हे कुनालाच ठावं न्हाई. ह्याला माफी मागायचीबी लाज वाटती."

"जाऊबाई..." क्रांतीच्या तोंडून एवढंच फुटलं. कपाळ ओट्याच्या दगडाला टेकून ती त्या गेलेल्या जिवासाठी हमसून हमसून रडली. तात्या तसेच उन्हात उभे राहिले. बऱ्याच वेळानं ती सावरली, तोंड पुसलं.

"काय सांगायचं हुतं त्यास्नी, मला कळलं, तात्या," ती म्हणाली. "चला. पोराची हळद खोळंबलीया."

मधल्या घरात ती आली तेव्हा बाळासोची बायको आपणहून पाटाजवळून बाजूला झाली, आणि स्वतःची हिरवी शाल तिनं क्रांतीच्या खांद्यावर घातली. जयराज भिंतीशी मान खाली घालून बसला होता. क्रांती त्याच्यासमोर उभी राहिली.

"क्रांती, मला मा..."

"आत्ता न्हाई. माफ केलं आसं समजूबी नगा." ती हळू बोलत होती. "माझं नाव जिथं जिथं गेलंय, तिथं तिथं जाऊन ह्येच सांगायचं. उद्या शिराळ्याला, माझ्या आईपाशी. मंग साऱ्या भावकीत. येकेका उंबऱ्यावर."

"सांगीन."

"लय उंबरं हायती."

"सांगीन, क्रांती."

"उठा मंग."

प्रियदर्शनीनं बापाच्या उपरण्याला आईच्या शालीची गाठ मारली. मारता मारता तिनं बापाकडं पाहिलं. त्या नजरेत राग होता, आणि जयराजनं तो मुकाट सोसला. चौघांनी दोघांच्या डोक्यावर छतासारखं धोतर धरलं, वाजंत्री कडाडली, आणि जोडी मारुतीच्या देवळाकडं निघाली. दारादारांत बायका उभ्या होत्या. मांडवातली बातमी त्यांच्याआधीच वेशीपर्यंत पोचली होती, कारण गावात बातमीला पाय लागत नाहीत. एका म्हातारीनं पुढं होऊन क्रांतीच्या पायांवर तांब्याभर पाणी घातलं, मग दुसरीनं, मग तिसरीनं. क्रांतीनं कुणाकडं मान वर करून पाहिलं नाही. तिचे पाय मात्र भरभर पडत होते, आणि गाठीनं बांधलेला जयराज तिच्या मागं मागं ओढल्यासारखा चालत होता.

देवळात गुरुजींनी पळीत पाणी घेतलं. "यजमान, कुळाचं नाव सांगा. कुलदैवत कोणतं? देवक कोणतं?"

जयराजनं तोंड उघडलं, पण त्या खर्जातून शब्दच फुटेना. तात्या सांगायला पुढं झाले आणि मध्येच थांबले. त्यांनी क्रांतीकडं पाहिलं.

"कुळ जाधवांचं," क्रांती म्हणाली, आणि तिचा आवाज गाभाऱ्याबाहेर उभ्या असलेल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचला. "कुलदैवत पालीचा खंडोबा. देवक पंचपल्लव. घ्या गुरुजी, पुढं बोला."